जिभेला चिकटलेला दगड

दगड जिभेला लावायचा होता. प्रॅक्टिकलच्या बाईंनी ट्रेमधला एक उचलून तिच्या हातावर ठेवला आणि रोजच्या कंटाळलेल्या सुरात सांगितलं, "लावून बघा. जिभेला चिकटला तर चिकणमातीचा. दाताखाली कचकचला तर गाळाचा. आणि तोंडं वेडीवाकडी करू नका, धुतलेला आहे." टेबलाभोवतीची पोरं दगड चाटून एकमेकांना जिभा दाखवत होती. तिनेही लावला. राखाडी, बोटभर लांब, पापुद्र्यापापुद्र्यांचा तुकडा. तो चिकटला. नुसता टेकला नाही. त्याने जिभेतलं पाणी शोषून घेतलं आणि जीभ धरून ठेवली. त्याबरोबर तोंडभर काहीतरी पसरलं, त्याला चव म्हणावं की वास म्हणावा कळेना, थंड, ओलसर, आणि इतकं ओळखीचं की तिचा हात टेबलाची कड गच्च धरून बसला. तोंडाला पाणी सुटलं. त्याची तिला भीती वाटली. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, अंगात पांढरा कोट, तोंडात दगड, आणि तो दगड तिला कडाकडा चावून खावासा वाटत होता. तिने तो ओढून काढला. "काय झालं मावशी?" शेजारच्या मुलीने विचारलं. ही मुलगी एवढी उंच होती की सगळा वर्ग तिला शिडी म्हणायचा, आणि तीही शिडी म्हटल्याशिवाय ओ द्यायची नाही. "कडू लागलं," ती म्हणाली. "दगड कुठे कडू असतो?" शिडी म्हणाली आणि तोच दगड तिच्या हातातून घेऊन स्वतःच्या जिभेला लावला. शिडीला तिथेच सोडून ती कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, नळ सोडला, चूळ भरली, पुन्हा भरली. बेसिनच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲसिडने पडलेले पिवळे डाग होते. तिने त्यांच्याकडे बघत तोंड पुसलं, जागेवर येऊन नावाच्या रकान्यात 'शेल', म्हणजे चिकणमातीचा खडक, असं लिहिलं, आणि अक्षर वाकडं आलं.

त्याच तासाला सर दार ढकलून आत आले. विभागप्रमुख, निवृत्तीला टेकलेले, उन्हाने मान कायमची तांबूस झालेली. फील्डला पुढच्या आठवड्यात निघायचं, ते म्हणाले, नकाशा ज्याचा त्याने काढायचा, आणि जो येणार नाही त्याचं वर्ष गेलं, मग मला आजोबांची तब्येत सांगत येऊ नका. पोरं हसली. सर तिच्याजवळ थांबले. "तुमचं जमेल ना?" "घरी विचारून सांगते," ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने शिणली. दोन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या मुलाखतीलाही यांनीच विचारलं होतं, इतक्या वर्षांनी का? तिने उत्तरं पाठ करून नेली होती, भूजलाबद्दल, पर्यावरणाबद्दल, पण ऐनवेळी तोंडातून निघालं ते एवढंच: "राहून गेलं होतं." बी.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं, मग एकेक होत गेलं, मुलगा मोठा झाला, शिकायला परगावी गेला, आणि एका दुपारी धुतलेल्या डब्यांची झाकणं लावता लावता तिला वाटलं की आता आपल्याला कुणी हाक मारली नाही तर आपण संध्याकाळपर्यंत इथेच उभ्या राहू. तेव्हा ती उठून विद्यापीठात गेली. सगळ्यांना ती हेच सांगत आली होती आणि ते खोटंही नव्हतं. पण आज बेसिनपाशी उभं असताना पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की जगात एवढे विषय असताना आपण मातीदगडातच येऊन का पडलो. हा प्रश्न तिने कोटाबरोबर घडी करून पिशवीत टाकला. पिशवी जड झाल्यासारखी वाटली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काचेला डोकं टेकलं की दात वाजत होते, तरी तिने डोकं काढलं नाही. लग्न नवीन होतं तेव्हा ते तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. मागच्या बाजूला बोळ, बोळात एक जुनी भिंत, तिचा गिलावा पडून आतली माती उघडी झालेली. सासूबाई संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालत, त्याचे शिंतोडे त्या मातीवर उडत, आणि तो वास स्वयंपाकघरातून थेट तिच्या पोटात शिरे. पाचवा महिना होता. आधी ती नुसती वास घ्यायला बोळात जायची. मग एकदा नखाने पोपडा काढला. जिभेवर ठेवला तेव्हा तो असाच चिकटला होता, असाच त्याने जिभेला धरून ठेवलं होतं, आणि मग विरघळून घशाखाली गेला होता, आणि पोटातली हालली होती. हालली म्हणजे मुलगीच, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मग रोजचंच झालं. सगळे आत असले की बोळात जायचं, पोपडा काढायचा, पदराने तोंड पुसायचं. लाज वाटायची, पण चोरून काही खाण्यातली मजाही होती, आणि या चोरीत आपल्याबरोबर दुसरं कुणीतरी आहे याची गंमत होती. भिंतीवर नखांच्या रेघा उमटल्या. एकदा सासूबाई त्या रेघांपुढे पाण्याचा तांब्या घेऊन थांबल्या, तिच्याकडे बघितलं, आणि कुंड्यांकडे वळल्या. आठवा सरता सरता एके सकाळी पोटात सगळं गप्प झालं. दवाखान्यात तिला झोपेचं इंजेक्शन दिलं. जाग आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि नवरा खिडकीपाशी पाठ करून उभा होता. डॉक्टरीण म्हणाली, नाळेचं काहीतरी झालं, होतं असं, यात कुणाचा दोष नसतो. मुलगीच होती. तिला दाखवली नाही. घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा सासूबाई दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याशी उभ्या होत्या, आणि पातेल्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "शेवटी माती खाल्लीस."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नव्हता. माती खाल्लीस: परीक्षेत नापास झालेल्या पोराला म्हणतात, धंद्यात बुडालेल्याला म्हणतात, जमत आलेली गोष्ट ऐनवेळी बिघडवली की कुणीही कुणालाही म्हणतं. आणि जिने खरोखरच खाल्ली तिला काय म्हणायचं? सासूबाईंनी कुठल्या अर्थाने म्हटलं हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतर विचारता आलं नाही. वीस-बावीस वर्षं ती ते वाक्य उलटसुलट करून बघत आली. भांडी घासताना, मुलाला शाळेत सोडताना, सासूबाईंच्या पायाला तेल लावताना. कधी वाटायचं, बोलून गेल्या असतील, जीभ ती. कधी त्या रेघांपुढे थांबलेला तांब्या आठवायचा आणि वाटायचं, नाही, त्यांनी बघितलं होतं, त्यांनी हिशेब मांडला होता आणि तो बरोबर होता. मुलाच्या वेळी तिने नऊ महिने त्या बोळाचं दार उघडलं नाही. मुलगा धडधाकट झाला. त्याने उलट तो हिशेब पक्काच केला. पण तो वास, ती जीभ धरून ठेवणारी पकड, हे सगळं तिने इतकं खोल पुरलं होतं की आज वर्गात शिडीच्या शेजारी उभं राहून दगड तोंडात घालीपर्यंत ते गेलं असंच ती समजत होती. काही जात नाही. सर शिकवताना म्हणायचे, गाळावर गाळ बसला की खालचा दिसेनासा होतो एवढंच, तो दबतो, घट्ट होतो, त्याचा खडक होतो. पोरं हे उतरून घ्यायची. तिनेही उतरून घेतलं होतं. स्टॉप मागे गेला हे तिला कंडक्टर ओरडल्यावर कळलं, आणि ती तेवढं अंतर मागे चालत घरी आली.

सासूबाई खुर्चीत होत्या. गेल्या वर्षी खुबा मोडल्यापासून त्यांचं जग पलंग, खुर्ची आणि मधला वॉकर एवढंच उरलं होतं. जीभ मात्र ठणठणीत होती. "आज काय फोडलं?" त्यांनी विचारलं. हे त्या रोज विचारत. सून विद्यापीठात दगड फोडायला जाते अशी त्यांची समजूत होती, किंवा समजूत नसून थट्टा होती. ती पिशवी न ठेवताच पलंगाच्या कडेला बसली. पाय सुजले होते. चहा टाकायचा होता, कपडे काढायचे होते, कणीक मळायची होती, आणि या सगळ्याच्या आधी फील्डचं विचारायचं होतं. आठ-दहा दिवस यांना आंघोळ कोण घालणार, रात्री कोण उठवणार. ती ते वाक्य तोंडात जुळवत होती आणि तोंडातून निघालं दुसरंच. "आई, पहिल्या बाळंतपणानंतर तुम्ही मला एकदा म्हणाला होतात. शेवटी माती खाल्लीस, असं."

सासूबाईंनी मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. "कोण, मी?"

"दूध तापत होतं तेव्हा."

"दूध तर रोजच तापायचं." त्या आठवू लागल्या. अगदी मनापासून, भुवया जवळ आणून, चष्मा कुठे ठेवला ते आठवावं तशा. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि तिच्या हळूहळू लक्षात आलं की तिथे काहीच नाही. लपवलेलं नाही, झाकलेलं नाही, नाहीच. "म्हटलं असेन बाई," शेवटी सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा मी कुणाला काय नाही म्हटलं? त्या डॉक्टरणीला सटवी म्हटलं ते आठवतंय. देवाला म्हटलं. तुला म्हटल्याचं नाही आठवत."

"मी खरंच खात होते. मागच्या भिंतीची."

"ते माहीत होतं की मला. एवढ्या रेघा काय मांजराने ओढल्या?" त्या हसल्या, मग हसू ओसरलं. "अगं, सगळ्याच खातात. मी चुलीचे पोपडे काढून काढून चूल निम्मी केली होती, तुझ्या नवऱ्याच्या वेळी. म्हणून तर हा असा निघाला, ढेकळासारखा गप्प. पाण्यात टाका, विरघळेल पण बोलणार नाही." थोडा वेळ त्या वॉकरच्या दांडीवरचं रबर नखाने खरवडत राहिल्या. "तू हे मनात धरून बसलीस होय? एवढी वर्षं?" ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "मग भांडायचं नाही का माझ्याशी? मी भांडले असते." तिला वाटलं होतं असा कधी खुलासा झालाच तर काहीतरी सुटेल, हलकं वाटेल, निदान रडू येईल. तिला फक्त विलक्षण थकवा आला. इतकी वर्षं जे ओझं घेऊन चाललो ते देणाऱ्याला दिल्याचंही ठाऊक नाही, आता ते ठेवायचं कुठे? ती उठली आणि चहा टाकला. आधण उकळून निम्मं झालं तेव्हा तिला चहापत्तीची आठवण झाली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "फील्ड का काय ते कधी आहे तुझं? आजच फोन करून शिडी म्हणून कुणीतरी विचारत होती, मावशींना सोडाल ना. मी म्हटलं, मी काय बांधून ठेवलीय तिला? जा. माझी लेक येईल आठ दिवस. तिनेही थोडं उपसावं आईचं."

निघायच्या सकाळी नवऱ्याने तिला गाडीने विद्यापीठात सोडलं. पाणीपुरवठ्यात इंजिनिअर, आयुष्यभर जमिनीखालून जाणाऱ्या पायपांची काळजी करणारा माणूस. उजाडत होतं. विभागापुढे बस अजून लागली नव्हती, म्हणून दोघं काचा चढवून बसून राहिली. त्याने तिच्या सॅकचा पट्टा ओढून बघितला, पाण्याची बाटली नीट बसलीय का ते बघितलं, टोपी घेतली का विचारलं. सासूबाईंशी झालेलं बोलणं तिने त्याला सांगितलं नव्हतं. सांगावंसंही वाटत नव्हतं. पण गेल्या आठवडाभर तिला एक गोष्ट सतावत होती. माती, भिंत, दूध, वाक्य, एवढं सगळं तिने जपून ठेवलं होतं, आणि जिच्यासाठी ठेवलं तिचं मात्र तिच्याजवळ काहीच नव्हतं. पोटातलं हालणं सोडून काही नाही. दोषाच्या मागे मुलगीच दिसेनाशी झाली होती. समोरच्या काचेवर दव होतं. त्याकडे बघत ती म्हणाली, "तुम्ही तिला बघितलं होतं ना?"

कुणाला, असं त्याने विचारलं नाही. स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले, मांडीवर ठेवले. "हो," तो म्हणाला.

"कशी होती?"

"केस होते." तो थांबला. "पुष्कळ. ओले होते, कपाळाला चिकटलेले. नखं पूर्ण झाली होती. इतकी लहान, पण पूर्ण." त्याने स्वतःच्या वरच्या ओठाला बोट लावलं. "ओठ तुझ्यासारखे. वरचा जरा पुढे."

"घेतली होती?"

"नर्सने दिली. मी नको म्हणणार होतो. मग घेतली. थोडा वेळ बसलो बाकावर." त्याने काच थोडी खाली केली, पुन्हा वर केली. "थंड नव्हती. मला वाटलं होतं थंड असेल."

तिच्या कानात कसलासा आवाज येत होता, लांबून पंप चालू असल्यासारखा. "मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी कशी विचारणार?"

"डॉक्टर म्हणाल्या, आईला दाखवू नका, त्रास होईल. मी ऐकलं. नंतर मला वाटलं, एकाने बघितलंय तेवढं पुरे. दोघांनी कशाला." तो हे इतक्या साधेपणाने म्हणाला की तिला त्याचा राग आला, आणि राग येता येताच तिने त्याच्याकडे बघितलं. कानापाशी दाढी करताना राहून गेलेले पांढरे केस होते. हा माणूस वीस वर्षं एका बाकावर एकटा बसून होता, आणि ती त्याच घरात, त्याच्याच शेजारी, एका भिंतीपुढे उभी होती. मधल्या अंतरात दोघांनी मिळून एक मुलगा वाढवला होता, घर बदललं होतं, पाहुणे केले होते. तिने त्याच्या मांडीवरच्या हातावर हात ठेवला. दोघांचेही हात कोरडे होते. मग बस आली, पोरांचा गलका झाला, शिडीने काचेवर टकटक केलं, आणि तो सॅक काढून द्यायला खाली उतरला. "जास्त उन्हात फिरू नको," तो म्हणाला. "फील्डच आहे ते," ती म्हणाली. "हो, ते पण खरंच," तो म्हणाला, आणि बस वळेपर्यंत उभा राहिला.

डोंगर बुटके होते, झाडी विरळ. नाल्याच्या कडेने वर चढत जायचं, खडक उघडा पडलेला दिसला की थांबायचं, थर कुठल्या बाजूला किती कलले आहेत ते होकायंत्राने मोजायचं आणि नकाशावर छोटी रेघ मारायची. दोघादोघांच्या जोड्या होत्या. शिडीने सरांना न विचारताच तिच्याबरोबर नाव लावून टाकलं होतं. पहिल्या दिवशी तिचे गुडघे बोलू लागले, दुसऱ्या दिवशी ओरडू लागले. शिडी पुढे जाऊन दगडावर उभी राहायची आणि वरून समालोचन करायची: "मावशी आल्या, मावशी आल्या, मावशी बसल्या!" संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेच्या खोलीत सतरंजीवर पडलं की पोरांच्या गाण्याचा आवाज कानात शिरायच्या आत मिटून जायचा. ती तिकडे काही विचार करत नव्हती. करावा म्हणून चालता चालता ती कधी केस आठवून बघायची, ओले, कपाळाला चिकटलेले. पण ते त्याने बघितलेले केस होते, तिला दिसायचे ते दुसऱ्याच कुणाचे तरी, मुलाचे, शिडीचे घामाने भिजलेले. तोंडात धूळ होती. धुळीला कसलीच चव नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाल्याच्या वळणावर सावली सापडली. "पाच मिनिटं," ती म्हणाली आणि खडकाला पाठ लावून बसली. खडक ऊन धरून होता, पाठीला शेक बसत होता. खाली कुठेतरी हातोड्याचा ठणठण आवाज येत होता, मध्येच थांबत होता. तिला आठवलं की कणीक भिजवायची राहिली. मग आठवलं की आपण घरी नाही आहोत. आणि त्यापुढे काहीच आठवलं नाही. जाग आली तेव्हा सावली तिच्या अंगावरून पुढे सरकून समोरच्या काठापर्यंत गेली होती. एका गालावर खडकाची खरखर उमटलेली हाताला लागली. शिडी थोड्या अंतरावर पाय सोडून बसली होती आणि डब्यातलं काहीतरी खात होती. तिने आपली टोपी हिच्या तोंडावर ठेवली होती. जाग येताना ती टोपी घसरून मांडीवर पडली होती.

"उठवायचं नाही का गं?"

"सर येऊन गेले. म्हणाले, झोपू दे, खडक कुठे पळून जात नाहीत." शिडीने नकाशाचा कागद तिच्यापुढे सरकवला. "आणि तुमचं कामही मी करून टाकलंय. वरचे तिन्ही खडक मोजले. नुसतं शाईने गिरवा."

तिने कागद घेतला. डोळे अजून जड होते, आकडे हलत होते. तिने ते स्थिर होऊ दिले. पहिल्या दोन रेघा ठीक होत्या. तिसरी उलटी होती. सगळा डोंगर एका बाजूला कललेला आणि ही एकच रेघ दुसऱ्या. एवढासा उतार, एवढीशी रेघ. होकायंत्र उलटं धरलं गेलं असेल. किंवा नसेलही, तिथे थर खरोखरच वळला असेल. इथे बसून सांगता येत नव्हतं. "ही कुठली?" तिने विचारलं.

"ती वरची, झुडपाच्या मागची. बरोबर आहे मावशी. मी बघितलंय."

"तू बघितलंस," ती म्हणाली. "मी नाही."

"अहो, पण सही तर एकाच कागदावर ना दोघींची? आणि चढ बघा किती आहे."

"चढ आहे खरा." तिने हात पुढे केला. शिडीने कुरकुरत तो धरला आणि तिला ओढून उभं केलं. गुडघ्यांनी आवाज केला. दोघी चढू लागल्या. या वेळी शिडी मागे होती आणि ती पुढे, मध्येच थांबत, दम घेत, पुन्हा चढत. झुडपामागे खडक हातभर उघडा पडला होता. ती त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली, बोटांनी वरची माती बाजूला केली, आणि खडक पूर्ण मोकळा होईपर्यंत तिने होकायंत्र मागितलं नाही.